तिरकी तार

दहा तारा होत्या. टीव्ही लावायला आलेल्या ओळंब्याच्या हिशेबात मात्र त्या नऊच भरल्या. जुन्या टीव्हीची एक, डिशच्या डब्याच्या दोन, इंटरनेटच्या डबीच्या दोन, टेबललॅम्पची एक, मोबाइलच्या चार्जरची एक, वाफ घ्यायच्या यंत्राची एक आणि ऑक्सिजनच्या मशीनची एक. बोट हवेत धरून त्यानं त्या डावीकडून मोजल्या, मग उजवीकडून. या सगळ्यांतून वाट काढत एक पारदर्शक नळी गेली होती, करंगळीहून बारीक, सात मीटर लांब. ती तारांत धरायची नव्हती. ती पलंगावरच्या बाईंच्या नाकापर्यंत जात होती.

“नऊ,” तो म्हणाला.

“दहा,” पलंगावरून आवाज आला. “गादीमागे एक आहे. हवेच्या गादीची.”

त्यानं वाकून पाहिलं. होती.

“आईसमोर काही मोजायला जाऊ नका,” मुलगी दारातून म्हणाली. “बत्तीस वर्षं वजनकाटे तपासलेत तिनं. तिला लांबून बघितलं तरी दुकानदार शटर ओढायचे.”

“अर्धं ओढायचे,” आई म्हणाली. चार शब्दांनंतर तिला एक श्वास घ्यावा लागत होता आणि ती वाक्यं त्या बेतानंच तोडायची. “पूर्ण ओढलं तर... संशय येतो ना.”

ओळंबा हसला. नाव त्याला वेगळं होतं, पण ते आता रेशनकार्डापुरतंच उरलं होतं. त्यानं लावलेला टीव्ही, कपाट, आरसा, काहीही असो, रेसभर कलायचं नाही. म्हणून कुण्या गवंड्यानं गमतीनं ‘ओळंबा’ म्हटलं आणि तेच चिकटलं. दुकानातून टीव्ही विकला गेला की मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, लावायला आमचा ओळंबा येईल. आणि गिऱ्हाईकही शेजाऱ्याला सांगायचं, आमच्याकडे ओळंबा आला होता.

इथलं काम नुसतं शोभेचं नव्हतं. गेल्या गुरुवारी मुलगी चहाचा कप घेऊन येताना डिशच्या तारेत पाय अडकून पडली आणि पडताना नळी ओढली गेली. ती कुठून सुटली हे सापडेपर्यंत बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा ब्याण्णववरून एक्याऐंशीवर आला होता. त्याच दिवशी तिनं ठरवलं, जमिनीवर नळीशिवाय काही राहता कामा नये. आईची मान डावीकडे वळत नव्हती, म्हणून टीव्ही बरोबर पलंगासमोरच्या भिंतीवर. आणि त्याच्या तारा भिंतीच्या आत.

“पट्टी मारून बाहेरून नेल्या तर?” ओळंब्यानं विचारून पाहिलं होतं.

“आत,” ती म्हणाली होती. “दिसली तर अडकेल.”

मग त्यानं आधी छतापासून जमिनीपर्यंत जाड पारदर्शक प्लॅस्टिक टांगलं. अलीकडे भिंत, पलीकडे पलंग, मशीन आणि उघडी खिडकी. मशीनची वायर प्लॅस्टिकखालून अलीकडे येऊन भिंतीच्या उजव्या कोपऱ्यातल्या प्लगला लागली होती. कटर चालवला तर धुरळ्यानं खोली भरली असती, म्हणून त्यानं ड्रिलनं दोन-दोन सेंटिमीटरवर भोकं पाडून मधला गिलावा छिन्नीनं काढायचं ठरवलं. व्हॅक्यूमची नळी ड्रिलच्या टोकाशी धरायचं काम मुलीकडे.

“या भिंतीत आधीची तार असली तर?” तिनं विचारलं.

ओळंब्याला हा प्रश्न आवडायचा. त्याच्या उत्तरात त्याचा सगळा धंदा होता.

“हे बघा ताई. डावीकडे बोर्ड, उजवीकडे खाली प्लग. तार बोर्डातून सरळ खाली उतरणार, प्लगच्या उंचीला आली की आडवी वळणार. भिंतीतली तार उभी जाते नाहीतर आडवी जाते. तिरकी कधीच नाही. आपली खाच मधोमध, टीव्हीमागून खाली, आणि त्या आडव्या तारेच्या वीतभर वर थांबते. प्रश्न येतोच कुठे?”

तार शोधायचं यंत्र त्याच्या पेटीत होतं. पण पलीकडे मोरी असल्यानं भिंत ओलसर होती, आणि यंत्र जिथे लावावं तिथे टिवटिवत होतं. दोन मिनिटं ऐकून त्यानं ते बंद करून ठेवून दिलं.

पहिली दहा भोकं लोण्यात सुरी गेल्यासारखी झाली. अकराव्याला ड्रिलचा आवाज क्षणभर बसला. अगदी क्षणभर, त्याच्याशिवाय कुणाला कळलाही नसता. त्यानं ड्रिल बाहेर काढलं. टोकाला राखाडी भुकटी होती आणि तिच्यात नखाच्या कडेएवढी एक लाल प्लॅस्टिकची साल होती.

त्यानं मुठीनं ड्रिलचं टोक पुसलं. खिशातून टेस्टर काढून भोकात सरकवला. टेस्टरच्या मुठीतला छोटा दिवा पेटला.

प्लॅस्टिकपलीकडे ऑक्सिजनचं मशीन चालूच होतं. घर्र, फुस. घर्र, फुस.

तार इथे असायचं काही कारणच नव्हतं. तो बोर्डाकडे गेला, जणू उंची बघतोय असा. बोर्डावर रंगाचे तीन थर बसले होते, पण कोपऱ्यातले चारही स्क्रू दिसत होते. चौघांच्याही खाचा उभ्या होत्या, चारही अगदी सरळ, एका रांगेत उभ्या केल्यासारख्या.

स्क्रूची खाच उभी ठेवायची खोड त्याला पहिल्या दिवसापासून होती. इतर वायरमन त्यावरून त्याची टर उडवायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी गावाच्या या बाजूला चार इमारती एकदम उठत होत्या. तेव्हा गिलावा नव्हता, रंग नव्हता, जिने अर्धे होते. मुकादम रोज सकाळी मोजून पाइप द्यायचा आणि संध्याकाळी ओरडायचा. एका आठवड्यात पाइप कमी पडला. तेव्हा ओळंब्यानं काही खोल्यांत प्लगच्या लायनी कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरक्या टाकल्या होत्या. वरून गिलावा बसला. किती खोल्या, कुठल्या, हे त्यानं कुठे लिहिलं नव्हतं, आणि पुढे कधी स्वतःशीही मोजलं नव्हतं.

“काय झालं?” मुलीनं व्हॅक्यूम बंद केला.

“काही नाही. गिलावा जरा...”

वाक्य अर्धंच राहिलं, पण बाकीचं तोंडात तयार होतं. गिलावा ठिसूळ आहे, ताई, खाच धरणार नाही, पट्टीच मारू. भोकात चिमूटभर पुट्टी. दहा मिनिटांचं काम. मशीन तर चालूच होतं. तार सोलली गेली होती, तुटली नव्हती. आज चालली असती. कदाचित वर्षभरही.

“मशीन थांबलं,” प्लॅस्टिकच्या आडून आई म्हणाली.

मुलगी दचकली. “चालू आहे ग आई, दिवा हिरवा आहे.”

“माझं नाही... त्याचं. मघापासून थांबलंय.” प्लॅस्टिकमधून तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आकार दिसत होता, ओळंब्याच्या दिशेनं वळलेला. “काय सापडलं रे?”

असा प्रश्न तिनं आयुष्यात हजार वेळा विचारला असणार. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलणार नाही एवढंच त्यात होतं.

ओळंब्यानं तळहात उघडला. लाल साल घामानं चिकटली होती.

“तार लागली, मावशी,” तो म्हणाला. “तुमच्या मशीनचीच. वरचं आवरण सोललंय. भिंत ओली आहे. आत्ता चालतंय, पण कधी ठिणगी पडून बंद होईल ते सांगता येत नाही. मेन बंद करून दुरुस्त करावं लागेल. आत्ताच.”

“मेन?” मुलीचा आवाज चढला. “मेन बंद केला तर मशीन कशावर चालणार? तुम्हीच म्हणालात ना तिरकी कधीच नसते म्हणून? असं छातीठोकपणे सांगत होतात!”

“नुसता या खोलीचा फ्यूज काढला असता, पण इथे अख्खं घर एकाच फ्यूजवर आहे. सगळंच बंद करायला हवं. समोरच्यांकडून लांब वायर ओढली तर...”

“समोर कुलूप आहे. खालचे नोकरीवर.” ती पलंगाखालचा छोटा सिलिंडर ओढत होती. “आणि हा अर्ध्यालाही नाही. भरणारा सहानंतर येतो म्हणालाय. आत्ता बारालाही वीस कमी आहेत.”

“काटा किती?” आईनं विचारलं.

“चाळीस.”

आईनं डोळे मिटले. “भरलेला दीडशे... तेव्हा आत दोनशे पंचावन्न लिटर. चाळीसला... अडुसष्ट. मिनिटाला दोन.” एक श्वास. “चौतीस मिनिटं.”

“आई, हा काही तुझा काटा नाहीये!”

“मग कुणाचा आहे?” आई म्हणाली. “पुरेल का रे चौतीस?”

“पुरवतो,” ओळंबा म्हणाला.

“पुरवतो नको. पुरेल... की नाही?”

त्यानं बोर्डाकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं. “वीस लागतील.”

“मग पाड मेन.”

मुलीनं नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली, फुसफुस ऐकली, चिमट्यावरचा आकडा बघितला. ब्याण्णव. तिनं मान हलवली आणि ओळंब्यानं मेन खाली ओढला. घर्र-फुस बंद झालं. पंखा फिरत फिरत थांबला. घरात इतकी शांतता झाली की सिलिंडरची फुसफुस त्याला प्लॅस्टिकच्या अलीकडे ऐकू येऊ लागली.

त्यानं बोर्ड उघडला. आतून तारांची जुडी बाहेर आली. सात तारा. सातही लाल.

“सगळ्या एकाच रंगाच्या?” मुलगी मोबाइलचा उजेड धरून उभी होती. “कुठल्या गाढवानं केलंय हे? एक लाल, एक काळी, एवढं तर मलाही माहितीये.”

“लाल रीळ मिळालं असेल,” ओळंबा म्हणाला.

“आणि तिरकी तार? तीही रिळानंच सांगितली असेल!”

तो प्लगपाशी उकिडवा बसला. प्लग उघडून त्याच्या तारा मोकळ्या केल्या, मीटरचं एक टोक तिथे बांधलं आणि दुसरं बोर्डातल्या तारांना एकेक करून लावायला सुरुवात केली. जी बरोबर असेल तिला मीटर वाजणार. पहिली. गप्प. दुसरी. गप्प. तिसऱ्या तारेचं टोक गंजलं होतं, ते खरवडून पुन्हा लावलं. गप्प.

“सत्तावीस मिनिटं उरली,” आई म्हणाली. “काटा बत्तीस.”

“तू बोलू नकोस. बोललीस की जास्त लागतो.”

“मोजल्याशिवाय... कळणार कसं?”

चौथी, पाचवी. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत येऊन थांबला होता. सहावी. सातवी. तो पुन्हा पहिल्यापासून गेला. या खेपेला हात भराभर चालत होता आणि मीटर तसंच मुकं होतं.

सातही संपल्या तेव्हा मुलगी पुटपुटली, “म्हणजे प्लगची तार या बोर्डातून येतच नाही? मग येते कुठून?”

तिनं विचारलं आणि ओळंब्याला उत्तर आठवलं. मेंदूच्या आधी ते हातांना आठवलं. उघड्या विटांची भिंत, छातीच्या उंचीवर छिन्नीनं केलेला गोल खड्डा, त्यात बसवलेला डबा. स्वयंपाकघरातून तार आली, इथे जोडली, इथून तिरकी खाली. बोर्डापर्यंत न्यायला पाइप पुरला नव्हता. वरून झाकण, झाकणावर चुना. हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि ते सांगितलं की तो कोण हेही सांगितल्यासारखंच होतं.

“सतरा,” आई म्हणाली. तिचा आवाज आता खालून कुठूनतरी आल्यासारखा होता. “काटा वीस.”

“आकडा?” ओळंब्यानं विचारलं.

“एकोणनव्वद,” मुलगी म्हणाली. “घाबरलीय ती. दाखवत नाही.”

“ताई, बोर्डाच्या खाली वीतभर, रंगाखाली एक गोल झाकण आहे. उजेड तिथे धरा.”

“तिथे तर काहीच नाही.”

“आहे.” त्यानं सुरीचं टोक रंगात घुसवून गोल फिरवलं. रंगाचा पापुद्रा सुटला. खाली काळं झाकण होतं, त्याचे दोन स्क्रू होते.

मुलीनं उजेड धरला होता, पण ती झाकणाकडे बघत नव्हती. “तुम्हाला कसं माहीत?”

दोन्ही स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. त्यानं पेचकस लावला.

“मीच बसवलंय,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षं झाली. तिरकी तारही माझीच.”

मोबाइलचा उजेड हलला. क्षणभर त्याला वाटलं, ती उजेड घेऊन निघून जाईल. ती गेली नाही. पण तिचा श्वास त्याला मानेवर जाणवत होता, आणि तो आईच्या श्वासासारखाच तुकड्या-तुकड्यांत येत होता.

“माझी आई त्या तारेवर जगतेय,” ती हळू म्हणाली. “आठ महिने.”

“हो.”

“आणि सकाळी मला नियम शिकवत होतात.”

“हो, ताई. उजेड जरा डावीकडे.”

झाकणाखाली चिकटपट्टी गुंडाळलेले दोन सांधे होते आणि पट्टी बिस्किटासारखी भुगा होऊन पडत होती. त्यानं सांधे सोडवले. मीटर लावलं. वाजलं. तिरक्या तारेचं टोक त्यानं बाजूला दुमडलं आणि रिळातून नवी तार काढली. काळी, लाल, हिरवी. झाकणापासून सरळ खाली, मग प्लगच्या उंचीवर आडवी, प्लगपर्यंत. सध्या वरून चिकटपट्टीनं. नखानं आवरण सोलायची सवय होती त्याला, पण आज बोटं ओली होती. त्यानं पक्कड घेतली.

“दहा मिनिटं,” मुलगी म्हणाली. आता मोजत ती होती. आई गप्प होती.

शेवटचा स्क्रू आवळून तो मेनकडे जवळजवळ धावला. वर ढकलला. पंखा हलला. मशीननं लांब शीळ घातली, थांबलं, आणि मग खोकल्यासारखं करून चालू झालं. घर्र, फुस. मुलीनं नळी बदलली. तिघंही चिमट्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. नव्वदला आल्यावर मुलगी पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं पदराऐवजी व्हॅक्यूम पुसायच्या फडक्यानंच तोंड पुसलं, तेव्हा आईला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला.

“सव्वीस मिनिटं लागली,” खोकला थांबल्यावर आई म्हणाली. “वीस म्हणाला होतास.”

“हो, मावशी.”

“काटा नऊ.”

“मुकादम पाइप देत नव्हता तेव्हा,” ओळंबा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. “रोज म्हणायचा, वाचव, वाचव...”

“मुकादम राहू दे. हात कुणाचा?”

“माझा.”

“हं,” आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

दुपार कामात गेली. आपण निघून जावं असं त्याला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा त्यानं पुढचं भोक पाडलं. मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती, पण व्हॅक्यूमची नळी जिथे धरायची तिथे धरत होती. नव्या तारेसाठी त्यानं भिंतीत खाच केली, सरळ खाली आणि मग आडवी. पाइप बसवला. टीव्हीची खाच मधोमध पूर्ण केली, तिच्यात दोन पाइप टाकले, एक विजेच्या तारेला आणि एक चित्राच्या. दोन्हींत चार बोटं अंतर. जुन्या तिरक्या पाइपातून मेलेली तार प्लगच्या बाजूनं ओढून काढली. एवढ्या वर्षांनी ती अडेल असं वाटलं होतं, पण सरसरत आली. सगळं लिंपलं, ओलं फडकं फिरवलं. भिंतीला ब्रॅकेट मारलं, टीव्ही चढवला, त्याच्या माथ्यावर लेव्हलची नळी ठेवली. बुडबुडा मध्ये येऊन थांबला. प्लॅस्टिक उतरवलं तेव्हा उन्हं खिडकीच्या बाहेर गेली होती.

मुलीनं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय घासत चालून पाहिलं. काहीच अडकलं नाही.

“दुकानात सांगाल?” ओळंब्यानं विचारलं. बॅगेची चेन लावता लावता विचारलं, तिच्याकडे न बघता.

“काय सांगायला हवं?” ती म्हणाली. “तुम्हीच सांगा ना. त्या बाकीच्या खोल्यांमध्येही माणसं राहत असतील.”

एकोणीस वर्षांत त्या खोल्यांमध्ये माणसं राहत असतील हे कुणीतरी मोठ्यानं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

“उद्या सकाळपासून,” तो म्हणाला. “एकेक दार वाजवतो. स्क्रू बघितले की कळेल मला.”

“आणि मग ओळंबा म्हणून कोण हाक मारेल तुम्हाला?”

मुलीनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती सिलिंडरवाल्याला फोन लावायला आत गेली.

“टेप आहे?” पलंगावरून आई म्हणाली.

“आहे.”

“आम्ही दुकानात... कमी वजन पकडलं की विचारायचो. किती कमी? सगळे म्हणायचे, थोडंसं.” ती थांबली. छाती दोनदा वरखाली झाली. “थोडंसं मी कधी... कागदावर लिहिलं नाही. किती वाचवलंस ते मोज.”

त्याला समजलं. जुनी तार भिंतीशी पडली होती. तिची डब्यांतली वळलेली टोकं त्यानं पकडीनं छाटली आणि ती फरशीवर ठेवून तळहातानं सरळ केली. टेप लावली. एकशे एकोणपन्नास. मग गुडघ्यावर बसून ओल्या लिंपणावरून नव्या तारेची वाट मोजली. उभी, एक्याण्णव. आडवी, एकशे अठरा. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यानं पेन्सिलीनं दोन आकड्यांची बेरीज मांडली, तिच्यातून तिसरा वजा केला, आणि वजाबाकी पुन्हा एकदा करून पाहिली.

“सांग,” आई म्हणाली.

“साठ सेंटिमीटर.”